वाटाणा जवळचा, कांदा नाशिकचा

हिरवा वाटाणा वेलीवरून तोडला तरी जिवंत असतो. तो श्वास घेत राहतो आणि त्यासाठी स्वतःतली साखर खर्च करतो. उरलेल्या साखरेचं हळूहळू स्टार्चमध्ये रूपांतर होतं. उन्हात तापलेल्या पोत्यात हे काम काही तासांतच बरंच पुढे जातं. म्हणून सकाळी तोडलेला दाणा दुपारी गोड लागतो आणि तोच दाणा तीन दिवसांनी पिठूळ. मेसमधल्या मटरवर आपण सगळेच विनोद करतो, पण त्यात मेसच्या भैयांचा काही दोष नाही. त्यांच्या हाती येईपर्यंत दाणा म्हातारा झालेला असतो.

खरी गंमत पुढे आहे. आपण सोलनकडच्या ज्या डोंगरावर राहतो, तिथेच वाटाणा पिकतो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वाटाण्याला गारवा लागतो, त्यामुळे तो उन्हाळ्याबरोबर जणू डोंगर चढत जातो. पंजाब-हरयाणाच्या सपाटीवर त्याचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, आपल्याकडे एप्रिल-मे, आणि लाहौल-स्पीतीत थेट जुलै-ऑगस्ट. (पुरंदरकडचे कॅडेट म्हणतील, आमच्याकडे तर पावसाळ्यात येतो. बरोबर आहे, तिथल्या पठारावर तेव्हा हवा गार असते.)

टोमॅटोचंही असंच. रात्री फार उकाडा असेल तर त्याची फुलं गळतात, फळ धरत नाही. भर पावसाळ्यात उत्तरेच्या सपाटीवर टोमॅटो कमी होतो आणि सोलनचा टोमॅटो दिल्लीच्या वाटेला लागतो. लांब जायचं असल्यामुळे तो नुसता रंग धरू लागताच तोडतात. वाटेत तो लाल होतो, पण वेलीवर पूर्ण पिकलेल्या टोमॅटोची चव त्याला येत नाही.

हे पिकवणारे शेतकरी मोठे नाहीत. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या दर शंभर शेतजमिनींपैकी 86 दोन हेक्टरपेक्षा लहान आहेत, आणि इथल्या डोंगरउतारावर तर एकाच घराचं शेत चार पायऱ्यांत वाटलेलं दिसतं. एवढ्याशा मालासाठी स्वतः ट्रक करणं कोणाला परवडणार? मग माल मंडीत जातो, तिथून मोठ्या बाजारात, तिथून दुकानात. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या एका रुपयातले सुमारे 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात 36, बटाट्यात 37. बाकीचे वाहतूक, हमाली, अडत, नासाडी आणि व्यापाऱ्यांचा नफा यांत जातात. मधली माणसं सगळी लुबाडणारीच असतात असं मला वाटत नाही. रात्रभर घाटात ट्रक चालवणाराही कष्टच करतो. पण जो माल इथेच खाल्ला जाऊ शकतो, त्याला घाट उतरवून पुन्हा चढवायचा कशाला?

शिवाय घाट नेहमी उघडा असतोच असं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये परवाणूजवळ चक्की मोड इथे महामार्गाचा तुकडाच खचला. असा रस्ता बंद पडला की वरची भाजी खाली जात नाही आणि खालची वर येत नाही. शेतकऱ्याचा माल सडतो आणि मेसमध्ये रोज बटाटा.

फौजेला हे फार आधी कळलंय. लडाखला जाणारे डोंगरी रस्ते हिवाळ्यात बर्फाने बंद होत आले आहेत, आणि विमानाने भाजी पोचवणं महाग पडतं. 1962 मध्ये लेहला एक संशोधन केंद्र सुरू झालं. आज ती डीआरडीओची 'डिहार' ही संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी थंड वाळवंटात भाज्या कशा घ्यायच्या यावर काम केलं. जमिनीत चर खणून वर प्लॅस्टिक पसरायचं, ही त्यातली एक साधी युक्ती. मग ही माहिती स्थानिक शेतकऱ्यांपर्यंत पोचली, आणि त्यांची भाजी सहकारी संस्थांमार्फत जवानांच्या लंगरमध्ये जाऊ लागली. जवानाला ताजं जेवण मिळालं, गावाला दाराशीच गिऱ्हाईक मिळालं.

मग आपल्या मेसने तसं का करू नये? मी हिशेब करून पाहिला. तीनशे कॅडेट, प्रत्येकी शंभर ग्रॅम दाणे, म्हणजे तीस किलो. शेंगांचं निम्म्याहून जास्त वजन सालीत जातं, म्हणून शेंगा साधारण सत्तर किलो हव्यात. एका छोट्या शेतातून रोज एवढ्या मिळणं अवघड, आणि मोठ्या मेसला तर वर्षभराचा दर आणि पुरवठ्याची खात्री लागते. आउटपासच्या दिवशी खालच्या गावातल्या एका चाचाजींना मी हे विचारलं. ते म्हणाले, रोजचं जमणार नाही, पण आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि आदल्या संध्याकाळी सांगा, चार घरं मिळून देऊ. पैसे मात्र त्याच आठवड्यात हवेत. मला यात अशक्य काही दिसत नाही. हंगामातला एक वार ठरवून बघायला काय हरकत आहे?

याचा अर्थ सगळंच जवळचं खावं असा नाही. आपल्या मेसमध्ये कांदा नाशिककडचा आला तर त्यात काही बिघडत नाही. नीट वाळवलेला कांदा काही महिने टिकतो, वाटेत त्याची चव जात नाही. फौजेत ताजं रेशन आणि सुकं रेशन असा भेद करतात, तोच इथे लावावा. जे नासतं ते जवळून घ्यावं, जे टिकतं ते लांबून आलं तरी चालेल. अर्थात टिकाऊ मालही इथे चांगला मिळतो. मराठी मुलांनी लक्षात ठेवावं, इथे 'कोदरा' म्हणतात ती आपली नाचणी, आणि 'कुलथ' म्हणजे आपले कुळीथ. 2023 मध्ये सेनेने जवानांच्या रेशनमध्ये भरडधान्याचं पीठ परत आणलं, तेव्हा कोदऱ्याला नाक मुरडण्याचं आपल्याला काही कारण उरलेलं नाही.

सुट्टीला आम्हाला न्यायला येणाऱ्या आईबाबांसाठी एक सूचना. रस्त्याकडेला शेंगा विकायला बसलेले दिसतील. दोन शेंगा एकमेकींवर घासून बघा, करकर आवाज आला तर माल ताजा. तिथेच सोला, तिथेच खा. पुण्या-साताऱ्याला न्यायच्या मोहात पडू नका, दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासात त्यांचं पीठ होईल. त्याऐवजी दोन किलो राजमा घ्या. तो दिवाळीपर्यंत टिकेल.