सोनेरी तांदूळ आणि तीन प्रश्न

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं पिकापाण्यात काय काम, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. काम एवढंच, की जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेल्या अन्नावरून जी भांडणं होतात, त्यांतला पुष्कळ गोंधळ शास्त्राचा नसतो, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा असतो. वेगवेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले जातात आणि मग उत्तरं आपसात भांडू लागतात. आज ते गाठोडं सोडायचं आहे.

सुरुवात मुख्य अन्नापासून करू. कोकणात भात, सोलापूरकडे ज्वारीची भाकरी. बाकीचं सगळं कालवण किंवा तोंडीलावणं. मुख्य अन्न ते, जे रोज खाल्लं जातं, पोटभर खाल्लं जातं, आणि घर जितकं गरीब तितका पानातला त्याचा वाटा मोठा असतो. म्हणून मुख्य पिकात बदल केला, तर त्याचं बरंवाईट सगळ्यांत आधी त्याच्या वाट्याला येतं, ज्याच्या पानात दुसरं फारसं काही नाही.

लाखोळी डाळीचंच बघा. ही डाळ पूर्णपणे नैसर्गिक आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. थोडी खाल्ली तर सहसा काही होत नाही. पण दुष्काळात दुसरं काही पिकलं नाही आणि लोकांनी महिनोन्‌महिने तीच खाल्ली, की पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणं आहेत. डाळ तीच. तोंडीलावण्याची मुख्य अन्न झाली, एवढाच फरक. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. आणि कुठलाही पदार्थ चांगला की वाईट, हे तो कोणाच्या पानात किती आहे हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल आणखी एक. शरबती सोनोरा हा गहू १९६०च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झाला. मेक्सिकोहून आलेल्या सोनोरा-६४ या वाणाचा दाणा तांबडा, तो आपल्या लोकांना पोळीसाठी पसंत नव्हता. बियाण्यावर किरणांचा मारा केला आणि पिवळसर दाण्याचा वाण निवडला. जनुकांत बदल झालाच, पण कुठे कुठे झाला हे कोणी मोजलं नव्हतं. त्यावर कधी मोर्चा निघाल्याचं आमच्या ऐकिवात नाही. म्हणजे नुसता ‘जनुकात ढवळाढवळ’ हा मुद्दा असता, तर तो त्या गव्हालाही लागू पडायला हवा होता.

आता आपलं मुख्य उदाहरण, सोनेरी तांदूळ. भाताच्या हिरव्या पानात बीटा कॅरोटीन असतं; शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. पण आपण खातो त्या पांढऱ्या दाण्यात ते तयार होत नाही. जिथे भातच मुख्य अन्न आहे आणि भाज्या, दूध, अंडी परवडत नाहीत, तिथे मुलांना अ जीवनसत्त्व कमी पडतं. आधी रातांधळेपणा येतो, पुढे दृष्टी जाऊ शकते, साधे आजारही जिवावर बेततात. इंगो पोट्रिकस आणि पीटर बायर या शास्त्रज्ञांनी डॅफोडिल या फुलझाडाचं आणि एका जिवाणूचं जनुक भातात घालून दाण्यातच बीटा कॅरोटीन तयार करवलं. ते संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं. त्या दाण्यात प्रमाण कमी होतं. २००५ मध्ये डॅफोडिलऐवजी मक्याचं जनुक वापरलं, तेव्हा ते वीसपटीहून जास्त वाढलं.

इथे तीन प्रश्न येतात, आणि ते वेगळे ठेवायला हवेत.

पहिला : हे खाऊन अपाय होईल का? हा प्रयोगशाळेचा प्रश्न. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये मोठा आढावा घेतला. बाजारात असलेली जीएम अन्नं नेहमीच्या अन्नापेक्षा जास्त धोकादायक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र ‘जीएम’ हे पद्धतीचं नाव आहे, पदार्थाचं नाही. त्यामुळे प्रत्येक नवं वाण वेगळं तपासावंच लागतं. सोनेरी तांदूळ तपासला गेला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिका इथल्या नियामकांनी २०१७-१८ मध्ये सुरक्षिततेबद्दल हरकत घेतली नाही.

दुसरा : ज्यांच्यासाठी केलं, त्यांना उपयोग होईल का? हा आहाराचा प्रश्न. अमेरिकेच्याच नियामकांनी सांगितलं की या तांदळातलं बीटा कॅरोटीन इतकं कमी आहे, की तिथे पाकिटावर पोषणाचा दावा करता येणार नाही. विरोधकांनी हे वाक्य उचलून धरलं. पण तिथला माणूस भात कधीमधी खातो. फिलिपिन्समध्ये तो रोजचा आहे. तोच दाणा एका पानात नगण्य आणि दुसऱ्या पानात महत्त्वाचा ठरू शकतो. उलट बाजूही बघा : बीटा कॅरोटीन अंगी लागायला जेवणात थोडी तेल-चरबी लागते, आणि साठवणीत ते घटतं. आपल्याकडे लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देतात, तोही एक मार्ग आहे. तेव्हा तांदूळ हा अनेक उपायांतला एक, रामबाण नव्हे.

तिसरा : ठरवायचं कोणी? हा नीतीचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत अवघड आहे. चीनच्या हुनान प्रांतात शाळकरी मुलांना हा भात देऊन चाचणी झाली. निष्कर्ष २०१२ मध्ये छापले गेले आणि ते तांदळाच्या बाजूचे होते. पुढे उघड झालं की हा जीएम तांदूळ आहे, हे पालकांना नीट सांगितलंच नव्हतं. २०१५ मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. आकडे बनावट होते म्हणून नव्हे. संमतीचा आणि नैतिक परवानगीचा पुरेसा पुरावा नव्हता म्हणून. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही चांगली असोत, त्याने तिसऱ्याची सुटका होत नाही. ज्या आईच्या मुलाला तो भात वाढला, तिला विचारायला हवं होतं.

पण हेही तितकंच खरं, की तिसऱ्या प्रश्नातली चूक दाखवून पहिल्याचं उत्तर बदलत नाही. फिलिपिन्सने २०२१ मध्ये या भाताच्या लागवडीला परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. थांबणं कधी कधी योग्य असतं, पण ते फुकट नसतं. ज्या मुलाचे डोळे या काळात अधू झाले, त्याचाही हिशेब मांडावा लागतो. तो मांडायला नकार देणारा माणूस सावध आहे असं आम्ही म्हणणार नाही.

आता आपल्या घरात येऊ. जालन्याच्या कंपनीने तयार केलेल्या बीटी वांग्याला आपण २०१० मध्ये स्थगिती दिली. त्याआधी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. निर्णय कोणाला पटो न पटो, लोकांना विचारलं गेलं. पण बीटी कापूस २००२ पासून शेतात आहे. त्याच्या सरकीचं तेल आपल्या फरसाणात येतं, पेंड जनावरांना जाते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंच सोपं आहे. तिसरा प्रश्न मात्र तेलाच्या बाबतीत कोणी विचारलाच नाही. वांग्यावर इतकी चर्चा आणि तेलावर मौन, ही विसंगती आपली आहे.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी केला तो वाद, जिंकण्यासाठी केला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त पाडायची ती वितंडा. जीएमवर आज जल्प आणि वितंडा उदंड आहे, वाद कमी आहे. उद्या जनुक बदललेली ज्वारी किंवा बाजरी समोर आली, तर ‘जीएम हवं की नको’ असा प्रश्न घेऊन बसू नका. अपाय आहे का, कोणाच्या पानात किती उपयोग आहे, आणि बियाणं कोणाच्या हाती राहणार व त्याला संमती कोणाची घेतली, हे एकेक करून विचारा. कदाचित एका पिकाला हो म्हणावं लागेल आणि दुसऱ्याला नाही. त्यात काही कमीपणा नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात. फक्त तिन्हींपैकी कुठला विचारताय, ते आधी सांगा.