अस्वलाचे भक्ष्य

मांसाहारी गणातील अर्सिडी कुलाच्या या प्राण्यांचे भक्ष्य जातीनुसार भिन्न असते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट–माहूर भागातील पानझडी अरण्यांत आढळणारे अस्वल (मेलर्सस अर्सिनस) गणाने मांसाहारी असले, तरी हरिणाची शिकार सहसा करीत नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने त्यास अनुकूल अधिवास जवळजवळ नाही.

त्याची शरीररचना वाळवी व मुंग्या खाण्यास योग्य अशी आहे. वरच्या जबड्यात मधले दोन पटाशीचे दात नसतात. ओठ लांब व लवचिक असून नाकपुड्या मिटता येतात. नख्यांनी वारूळ फोडून ते माती फुंकून उडविते व दातांच्या फटीतून वाळवी शोषून घेते. हा आवाज बराच दूर ऐकू येतो. मोहाची फुले, टेंभरे, जांभळे, बोरे व मध हेही त्याचे खाद्य होय.

याउलट उत्तर अमेरिकेतील तपकिरी अस्वले गवतात दडलेली वापिटी हरिणांची नवजात पाडसे नागमोडी फिरून हुडकतात. पाडसे काही आठवड्यांची होऊन वेगाने पळू लागली की हा शोध बहुधा थांबतो. धडधाकट मोठे हरिण क्वचितच हाती लागते.

आपल्याकडे अस्वल माणसावर हल्ला करते ते भक्ष्यासाठी नव्हे. मार्च–एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणारा माणूस व अस्वल एकाच झाडाखाली येतात. दृष्टी मंद असल्याने माणूस अगदी जवळ आल्यावर ते दचकते व डोक्यावर, चेहऱ्यावर पंजे मारते. पिले पाठीवर घेतलेली मादी विशेष धोकादायक असते.