रुबेला मुलगा-मुलगी पाहत नाही

‘हृदयाला भोक’ मुलींत जास्त की मुलग्यांत, असे एका वाचकाने विचारले आहे. उत्तर दोषागणिक बदलते. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची जागा अदलाबदल झालेल्या बाळांत मुलगे बरेच जास्त असतात. पीडीए मात्र मुलींत साधारण दुप्पट आढळतो.

पीडीए म्हणजे बंद व्हायचा राहिलेला बायपास. पोटातले बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून रक्त ‘डक्टस’ नावाच्या नळीतून परस्पर महाधमनीत जाते. जन्मानंतर रक्तात ऑक्सिजन वाढतो, वारेकडून मिळणारे प्रोस्टाग्लँडिन थांबते आणि दोन-तीन दिवसांत नळी आवळून बंद होते. (पेरूच्या अँडीज पर्वतात, विरळ हवेत, ती उघडी राहण्याचे प्रमाण जास्त आहे.)

ही नळी कधी कधी उघडी का राहते, याचा एक धागा १९४१च्या सिडनीत सापडतो. नॉर्मन ग्रेग हे डोळ्यांचे डॉक्टर. मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही बाळे अचानक वाढली होती. बाहेर बसलेल्या आया आपसांत बोलत होत्या, गरोदरपणी आपल्याला जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, झाल्याचे सांगत होत्या. ग्रेग यांनी ते कानाआड केले नाही. ७८ बाळांची नोंद केली, तर अनेकांच्या हृदयातही दोष! हे दोष रुबेलामुळेच होतात, हे तीन वर्षांनीही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला सिद्ध झालेले वाटत नव्हते. हृदयरोगाच्या इतिहासात या नेत्रतज्ज्ञाला अजूनही कोपऱ्यातलीच जागा मिळते, हे मला खटकते.

खरी गंमत पुढे आहे. रुबेलामुळे झालेल्या पीडीएत मुली आणि मुलगे सारखेच निघतात. बाहेरचा घाव इतका जबर, की मुलींकडे झुकणारे पारडे समतोल होते.

म्हणून ‘प्रदूषणाने बाळाच्या हृदयाला भोक’ असे मथळे वाचताना मी थबकतो. त्या मथळ्यांमागच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. रुबेला आणि आईचा गरोदरपणाआधीचा, आटोक्यात नसलेला मधुमेह यांचे पुरावे मात्र पक्के आहेत. आपल्याकडच्या रुग्णालयांतले मुलगे-मुलींचे आकडेही जपून वाचावेत. मुलींच्या हृदयशस्त्रक्रिया मुलग्यांपेक्षा कमी होतात, असे दिल्लीच्या एम्समधील अभ्यासात दिसले होते. जी मुलगी रुग्णालयात पोचलीच नाही, ती मोजणार कोण?

हृदयाची घडण पहिल्या आठ आठवड्यांतच उरकते, तेव्हा तयारी आधीच हवी. साखर आधी आटोक्यात आणा. रुबेलाची लस घेतलेली नसेल, तर दिवस राहण्यापूर्वी किमान महिनाभर आधी घ्या. गरोदरपणात ती देत नाहीत. बाळांना गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रात मोफत मिळते.