रक्तातील गुपित आणि सोयरीक

अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे मणिबेली हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे राज्यातील पहिले गाव म्हणून. बुडालेली घरे निदान मोजता तरी आली. याच डोंगरपट्ट्यातील भिल्ल, पावरा समाजांत पिढ्यानपिढ्या वाहत आलेले एक दुःख मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते दुःख म्हणजे सिकलसेल.

या विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि सांध्यांत व हाडांत असह्य कळा उठतात. कळ ओसरली की तीच मुलगी चारचौघींसारखी दिसते. काल अंथरुणाला खिळलेली आज मोळी घेऊन निघाली, तर कालचे दुखणे खरे कोण मानणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वात स्थान दिले. गावाच्या नजरेने ते अजून दिले आहे असे वाटत नाही.

आणि ही मुलगी लग्नाच्या वयात आली म्हणजे? मुलामुलींनी परस्परांना पसंत करून निघून जावे, पंचांनी मागाहून देज ठरवून संबंध मान्य करावा, ही रीत भिल्लांत जुनी आहे. शहरी पांढरपेशांनी हेवा करावा असे हे स्वातंत्र्य! परंतु मन जडले त्याच्यापाशी आपले दुखणे उघड कधी करावे, हा प्रश्न येथेही सुटलेला नाही. आधी सांगावे तर तो पाठ फिरवील. मागाहून सांगावे तर फसवणुकीचा ठपका येईल.

शासनाचे उत्तर आहे रक्ततपासणीचे कार्ड. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने तीन वर्षांत ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन असे लक्ष्य ठेवले. विवाहापूर्वी कार्डे जुळवून पाहा, असा सल्ला दिला जातो. पत्रिकेपेक्षा हे जुळवणे शास्त्रीय खरे. तथापि त्याचा अर्थ नीट सांगितला नाही, तर त्याचीही मंगळाची पत्रिका व्हायला वेळ लागणार नाही.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल तर मूल रुग्ण होत नाही. इतकेच नव्हे, प्रत्यक्ष रुग्ण असलेल्या मुलीने या दोषापासून पूर्ण मुक्त असलेल्या मुलाशी संसार थाटला, तर तिची सर्व मुले वाहक होतील, रुग्ण एकही नाही. म्हणजे हे गणित तिला संसार नाकारीत नाही. फक्त जोडीदाराचेही रक्त तपासून घ्या, एवढेच सांगते. ही दुसरी बाजू किती जण समजावून सांगतात? वाहकाला तर रोगी म्हणणेच चूक. हिवतापाच्या प्रदेशांत या वाहकपणानेच अनेक बालकांचे प्राण राखले. म्हणून तर तो टिकला.

ही माहिती केवळ पंचांना सांगून भागणार नाही. जेथे तरुण स्वतः निवड करतात, तेथे ती तरुणांपर्यंत, निवडीपूर्वीच पोहोचली पाहिजे. आश्रमशाळेत, काठीच्या होळीला, आणि त्यांच्या बोलीत. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातमध्ये परवेट्याला जाऊन वसली. नातीगोती अशी दोन राज्यांत विखुरली असता एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात कोरा कागद ठरू नये. आणि कार्डावर काय लिहिले आहे हे प्रथम त्या मुलीला कळावे, मग ती सांगेल त्याला. तिच्या आधी साऱ्या पाड्याला ते कळणे म्हणजे तिचा सांगण्याचा हक्कच हिरावणे होय.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगता येणार नाही. मुले निरोगी निपजली तरी रुग्ण स्त्रीचे बाळंतपण जोखमीचेच. कळा वाढतात, रक्त चढवावे लागण्याचा प्रसंग येतो. संसाराचा हक्क तिला आहे असे म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यातील नर्मदाकाठापासून नंदुरबारच्या रक्तपेढीपर्यंतची वाट एकदा तिच्या जागी उभे राहून मोजावी.