दम्याचा पंप आणि अंगातला राखणदार



गळीत हंगामात शिवारात पाचट पेटते आणि गावोगावी दम्याची माणसे खोकू लागतात. गेल्या हंगामात आमच्या गटातील एक सभासद फडातच धापा टाकत खाली बसले. पंप घरी होता, पण ‘सवय लागते’ म्हणून महिनाभर घेतलाच नव्हता. म्हणून आज उसाचा विषय जरा बाजूला.

रोगप्रतिकारशक्ती म्हणजे अंगातला राखणदार. दम्यात तो पुष्कळदा धूळ, परागकण अशा साध्या पाहुण्यांवरही काठी उगारतो. या झटापटीत श्वासनळ्या सुजतात, आवळतात. धुराने त्यात भर पडते. तेव्हा राखणदाराला थोडे शांत करावे लागते.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिझोन वापरले. १९५० मध्ये त्यांना दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल मिळाले. हीच स्टेरॉइडे दम्यावरही चालली. पण गोळ्या फार दिवस घेतल्या तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. १९७० च्या दशकात स्टेरॉइडचा पंप आला. गोळी म्हणजे सगळ्या रानाला पाटपाणी, पंप म्हणजे मुळाशी ठिबक. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये, पंपाची मायक्रोग्रॅममध्ये.

पुढे मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोस्पोरिन ही जालीम औषधेही तपासली गेली. सायक्लोस्पोरिन सापडले नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीत! पण फायदा थोडा आणि यकृत, मूत्रपिंड यांना धोका, म्हणून दम्यात ती नेहमीची झाली नाहीत. सगळा राखणदारच झोपवला तर चोराला रान मोकळे. आता ओमालिझुमॅब (अमेरिकेत मान्यता २००३), मेपोलिझुमॅब (२०१५) ही इंजेक्शने राखणदाराची एखादीच हाक अडवतात. ती महाग आहेत आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने तीव्र दम्यालाच देतात.

मग आपण काय करायचे?

१) डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर बरे वाटले म्हणून बंद करू नका. त्याचे व्यसन लागत नाही. घेतल्यावर चूळ भरा.
२) बऱ्याच दिवसांच्या स्टेरॉइड गोळ्या आपल्या मनाने एकदम थांबवू नका, जिवावर बेतते.
३) नाव-गाव नसलेली दम्याची पुडी घेऊ नका, तीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.
४) पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा. जमीन सुधारेल आणि शेजाऱ्याचा श्वासही मोकळा राहील.

ते सभासद आता रोज पंप घेतात. यंदाची तोड त्यांनी बांधावर उभे राहून पाहिली.

– ऊस विकास अधिकारी