वाळूतील फटका : संज्ञा, तंत्र आणि निषेध

कोणत्याही खेळाचे नियम ही एक भाषिक रचना असते. चेंडू, काठी आणि मैदान या वस्तू खेळाच्या आधीही जगात असतात; परंतु ‘बाद’, ‘दंड’ किंवा ‘फटका’ यांना अस्तित्व येते ते नियमांच्या वाक्यांतूनच. हे विधान अभ्यासकांना नवे नाही. मात्र नियमातील एका नामाची व्याप्ती चुकीची समजल्याने प्रत्यक्ष मैदानावर केवढी हानी होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून गोल्फमधील ‘बंकर’ या संज्ञेकडे पाहण्याजोगे आहे. बंकर म्हणजे गोल्फच्या मैदानावरील वाळूचा खळगा. त्यातून चेंडू बाहेर काढण्याचे तंत्र आणि त्यासंबंधीचे नियम हे दोन स्वतंत्र विषय म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते दोन्ही एकाच प्रश्नाभोवती फिरतात, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. तो प्रश्न असा : आपल्या चेंडूखालच्या वाळूविषयी खेळाडूला किती माहिती असावी, आणि ती त्याने कोणत्या मार्गाने मिळवावी?

खळगा आणि त्याची संज्ञा

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की, ‘क्लब’ नावाच्या काठीने चेंडू मारीत तो एकामागून एक अठरा भोकांत घालावयाचा असतो, आणि नेहमीच्या स्पर्धेत ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकतो. भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ म्हणजे ‘ग्रीन’. हा खेळ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या टेकाडांवर वाढला. तेथे गवत निघून गेले की खालची वाळू उघडी पडे. आजचे कृत्रिम खळगे हे त्या नैसर्गिक खळग्यांचेच अनुकरण होय. ‘बंकर’ या शब्दाचा स्कॉट भाषेतील जुना अर्थ पेटी किंवा बाक असा आहे. मराठी वाचकाला तो लष्करी अर्थाने अधिक परिचित आहे. येथे तो अर्थ पूर्णपणे बाजूस ठेवावा.

गोल्फचे सर्वांत जुने ज्ञात नियम १७४४ साली एडिंबरोनजीकच्या लीथ येथे लिहिले गेले. ते केवळ तेरा होते आणि त्यांत ‘बंकर’ हा शब्द नव्हता. सेंट अँड्रूज येथील १८१२ च्या नियमांत मात्र तो आढळतो : चेंडू वाळूवर किंवा बंकरमध्ये असेल, तर त्याच्याजवळचे काहीही हलवू नये, असा त्यांचा आशय आहे. यात ‘वाळू’ आणि ‘बंकर’ ही दोन नामे विकल्पाने जोडलेली आहेत, हे लक्षात घ्यावे. निषेध दोहोंना सारखाच लागू असल्यामुळे त्यांच्यात सीमारेषा आखण्याची त्या काळी गरज नव्हती. पुढे ती गरज निर्माण झाली. १९५२ साली सेंट अँड्रूजची संस्था आणि अमेरिकेची गोल्फ संघटना यांनी प्रथमच एक समान नियमावली स्वीकारली. २०१९ साली तिची नव्याने मांडणी झाली, आणि बंकरविषयीचे नियम बाराव्या क्रमांकाच्या नियमात एकत्र आले.

या नियमावलीनुसार बंकर म्हणजे खास तयार केलेले वाळूचे क्षेत्र. अशा क्षेत्राच्या काठाबाहेर सांडलेली वाळू बंकर नव्हे. काठाची मातीची किंवा गवताची भिंत बंकर नव्हे. आतमध्ये उगवलेले गवतही बंकर नव्हे. मैदानावर अन्यत्र कितीही वाळू असली, तरी ती तयार केलेल्या क्षेत्राच्या आत नसेल तर बंकर होत नाही. म्हणजे ‘वाळू’ हा या व्याख्येतील आवश्यक घटक आहे, पर्याप्त घटक नाही. निर्णायक घटक ‘तयार केलेले’ हा आहे, आणि तो पदार्थाचा गुण नसून हेतूचा इतिहास आहे. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही.

आपल्या व्याकरणपरंपरेत संज्ञासूत्र आणि विधिसूत्र असा भेद केला जातो. संज्ञासूत्र केवळ नाव देते. काय करावयाचे ते विधिसूत्र सांगते. पाणिनीने पहिल्याच सूत्रात ‘वृद्धि’ ही संज्ञा दिली. तेथे वृद्धी म्हणजे वाढ नव्हे, तर आ, ऐ आणि औ हे तीन स्वर होत. पुढील सूत्रे जो लौकिक अर्थ मनात धरून वाचील, त्याचा सर्व खटाटोप व्यर्थ जाईल. ‘बंकर’ या शब्दाचेही तसेच आहे. त्याचा लौकिक अर्थ वाळूचा खळगा एवढाच. नियमातील अर्थ त्याहून एकीकडे संकुचित आणि दुसरीकडे, पुढे दिसेल त्याप्रमाणे, अनपेक्षितपणे विस्तृत आहे.

फटक्याचे तंत्र

गोल्फमधील इतर फटक्यांत क्लबचे मुख चेंडूवर आदळते. ग्रीनजवळच्या बंकरमधील फटका हा याला मोठा अपवाद आहे. येथे क्लब चेंडूला लागतच नाही. तो चेंडूच्या सुमारे पाच सेंटिमीटर मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून सरकतो आणि पुढे बाहेर पडतो. मध्ये सापडलेली वाळूची थापी चेंडूला घेऊन वर उडते. खेळाडू मारतो वाळूला. चेंडू केवळ तिच्याबरोबर प्रवास करतो.

हे साधण्यासाठी क्लबचा तळ विशिष्ट आकाराचा असावा लागतो. पुढची कड धारदार आणि खाली असेल, तर ती वाळूत रुतून बसते. तळाची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली उतरलेली असेल, तर तीच प्रथम वाळूवर टेकते आणि क्लबला वर रेटते. तळाच्या या उताराला ‘बाउन्स’ म्हणतात. बंकरसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सँड वेज’ या क्लबमध्ये तो सामान्यतः १० ते १४ अंश असतो. या क्लबला आजचे रूप देण्याचे श्रेय बहुधा अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेन याला दिले जाते. त्याने क्लबच्या तळामागे डाखाचा धातू चढवून तो जाड केला, आणि १९३२ साली इंग्लंडमधील प्रिन्सेस येथील ओपन स्पर्धा जिंकली.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम असा. उजव्या हाताच्या खेळाडूने प्रथम क्लबचे मुख आकाशाकडे किंचित उघडावे आणि मगच मूठ आवळावी. आधी मूठ धरून नंतर मनगट फिरविल्यास फटक्याच्या वेळी मुख पुन्हा मिटते. मुख उघडल्याने बाउन्स अधिक प्रभावी होतो, परंतु चेंडू उजवीकडे जाऊ लागतो. त्याची भरपाई म्हणून पावले थोडी डावीकडे वळवून उभे राहावे. चेंडू डाव्या पायाच्या बाजूस असावा, भार डाव्या पायावर अधिक असावा, आणि पाय वाळूत थोडे रोवावेत. नजर चेंडूवर नव्हे, तर त्याच्या मागील वाळूवर असावी. अखेरची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्लब वाळूत शिरल्यावर वेग आवरू नये. वाळू बरीचशी शक्ती शोषून घेते. म्हणून त्याच अंतरासाठी गवतावरून लागणाऱ्या फटक्यापेक्षा येथे बराच मोठा फटका लागतो. नवशिक्याला चेंडू फार दूर जाईल अशी भीती वाटते, तो मध्येच हात आखडतो, आणि चेंडू खळग्यातच राहतो.

हे वर्णन कोरड्या, मध्यम मऊ वाळूचे झाले. वाळू बदलली की तंत्रही बदलावे लागते. भिजलेल्या, घट्ट वाळूवर जास्त बाउन्स असलेला तळ आपटून उसळतो, पुढची कड चेंडूच्या मध्यावर बसते, आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. तेथे मुख कमी उघडावे. चेंडू वाळूत अर्धा रुतला असेल, तर याउलट क्लब रुतणेच हवे असते. म्हणून मुख सरळ किंवा मिटलेले ठेवून फटका उभ्या दिशेने खाली मारावा. असा चेंडू बाहेर पडल्यावर बराच धावतो, हे गृहीत धरावे. ग्रीनपासून दूरच्या बंकरमध्ये लांब अंतर गाठावयाचे असते. तेथे नियम पालटतो, आणि आधी चेंडू व मग वाळू असा संपर्क साधावा लागतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. या फटक्याचे यश वाळूच्या ज्ञानावर अवलंबून आहे. वाळू किती खोल, किती ओली, किती घट्ट, हे ज्याला आधी कळले त्याने अर्धा फटका खेळल्यासारखा आहे. नेमक्या याच ठिकाणी नियम आडवा येतो.

निषेधाचे स्वरूप

बाराव्या नियमाचा मुख्य निषेध असा की, पुढील फटक्यासाठी वाळूची स्थिती अजमावण्याच्या हेतूने खेळाडूने तिला हाताने, क्लबने, दाताळ्याने किंवा अन्य वस्तूने स्पर्श करू नये. याशिवाय तीन स्पर्श हेतू न विचारताच निषिद्ध आहेत : चेंडूच्या लगेच मागे किंवा पुढे क्लब टेकविणे, सरावाचा झोका घेताना क्लब वाळूला लावणे, आणि प्रत्यक्ष फटक्यासाठी क्लब मागे नेताना तो वाळूला लागणे. भंग झाल्यास फटक्यांच्या मोजणीवरील स्पर्धेत दोन फटक्यांचा दंड होतो. दोघांच्या सामन्यात ते भोक गमवावे लागते.

याच्या जोडीला अनुज्ञा आहेत. उभे राहण्यासाठी पाय रोवता येतात. तोल सावरण्यासाठी किंवा विसावा घेण्यासाठी क्लबवर टेकता येते. इतर क्लब वाळूवर ठेवता येतात. रागाने वाळूवर क्लब आपटला तरी दंड नाही. २०१९ पासून पाने, खडे अशा सुट्या वस्तूही उचलता येतात, मात्र त्यामुळे चेंडू हलता कामा नये.

या यादीत वरवर विसंगती दिसते. पाय रोवताना वाळूची खोली आणि घट्टपणा तळव्यांना कळतोच. म्हणजे जे ज्ञान बोटांना वर्ज्य, ते पायांना मुक्त. परंतु नियमातील क्रियापदे पाहिली तर ही विसंगती उरत नाही. ‘अजमावणे’ हे क्रियापद कर्त्याच्या हेतूने पूर्ण होते. ‘उभे राहणे’ या क्रियेतून माहिती मिळाली, तरी ती तिचे फल आहे, प्रयोजन नव्हे. नियम ज्ञानाला बंदी करीत नाही. ज्ञानासाठी केलेल्या स्पर्शाला करतो. कुशल खेळाडू म्हणूनच पाय रोवण्याकडे पूर्ण लक्ष देतो. जेथे हेतू सिद्ध करणे अवघड आणि लाभ मोठा, त्या तीन ठिकाणी मात्र नियमाने हेतूचा विचार सोडून केवळ स्पर्श हाच दोष ठरविला आहे.

चेंडू खेळण्याजोगा नसेल, तर एका दंडफटक्यात पूर्वीच्या जागी परतता येते किंवा बंकरच्या आतच चेंडू दुसरीकडे टाकता येतो. २०१९ पासून दोन दंडफटके पत्करून, भोक आणि चेंडू यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे जाऊन बंकरबाहेर चेंडू टाकण्याचीही सोय झाली आहे.

दोन प्रसंग

२०१० ची पी.जी.ए. चॅम्पियनशिप अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, व्हिसलिंग स्ट्रेट्स या मैदानावर झाली. पीट डाय याने आखलेल्या या मैदानावर बंकरांची संख्या हजाराच्या आसपास आहे, आणि त्यांतील कित्येक प्रेक्षकांच्या वाटेवर येतात. अखेरच्या फेरीतील अठराव्या भोकावर डस्टिन जॉन्सन एका फटक्याने आघाडीवर होता. त्याचा चेंडू उजवीकडे, पावलांनी तुडविलेल्या एका वालुकामय तुकड्यात गेला. ती केवळ तुडविलेली जमीन आहे असे समजून त्याने चेंडूमागे क्लब टेकविला. वस्तुतः तो बंकर होता; बंकर म्हणून बांधलेली प्रत्येक जागा, तीत पावलांचे ठसे असले तरी, बंकरच मानली जाईल, अशी सूचना खेळाडूंना आधीच दिलेली होती. दोन फटक्यांचा दंड होऊन पाचाचे सात झाले. दंड नसता तर तो बरोबरी सोडविण्याच्या लढतीत मार्टिन कायमर आणि बुबा वॉटसन यांच्यासमवेत असता. तो पाचव्या स्थानावर विभागून राहिला आणि विजेतेपद कायमरला मिळाले. दोन वर्षांनी, २०१२ साली, हीच स्पर्धा डाय यानेच आखलेल्या कियावा बेटावरील मैदानावर झाली. तेथे मैदानावरील कोणतीच वाळू बंकर मानली जाणार नाही, असे ठरविण्यात आले. कोणीही कोठेही क्लब टेकवावा. पदार्थ तोच, आखणारा तोच. संज्ञा बदलली आणि तेच कृत्य निर्दोष ठरले. सोस्यूरने चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरते असे म्हटले, त्याचा याहून रोकडा पुरावा मिळणे कठीण.

दुसरा प्रसंग २०१६ च्या महिलांच्या यू.एस. ओपन स्पर्धेतील आहे. ब्रिटनी लँगबरोबर बरोबरी सोडविण्यासाठी खेळताना अ‍ॅना नॉर्डक्विस्ट हिचा क्लब बंकरमध्ये मागे जाताना वाळूच्या काही कणांना लागला. तो स्पर्श चलच्चित्र मोठे करून पाहिल्यावरच लक्षात आला. तिला दोन फटक्यांचा दंड झाला आणि विजेतेपद लँगकडे गेले. येथे बंकर ओळखण्यात चूक नव्हती. ‘स्पर्श’ या शब्दाचा प्रश्न होता. करणाऱ्याला जाणवला नाही आणि पाहणाऱ्याला दिसला नाही, असा स्पर्श हा स्पर्श होय काय? आता नियमावलीने याचे उत्तर दिले आहे : उघड्या डोळ्यांनी वाजवीपणे दिसू शकला नसता असा भंग, चलच्चित्रात दिसला तरी, भंग धरला जात नाही.

या दोन प्रसंगांतील फरक महत्त्वाचा आहे. नॉर्डक्विस्टवर ओढवलेली आपत्ती नियमाच्या सुधारणेने टळू शकते. जॉन्सनची मात्र टळत नाही. २०१९ च्या सौम्य नियमांनुसारही चेंडूच्या लगेच मागे क्लब टेकविणे हा दोषच आहे. विधी कितीही उदार केला, तरी संज्ञेचे अज्ञान त्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणून वाळूतील फटका शिकविणाऱ्याने पाय कसे रोवावेत याच्याही आधी एक प्रश्न विचारावयास शिकवावे : मी उभा आहे त्या जागेचे नाव काय? आणि उत्तराविषयी शंका असेल, तर अधिकाऱ्याला विचारून होईपर्यंत क्लब अधांतरीच ठेवावा.