इंजिनावरची झाकणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी दिवाळीत किल्ला केला असेल. मातीचा किल्ला, वर सिंहासनावर महाराज, पायथ्याशी मावळे. आणि आमच्यासारख्या काही उत्साही पोरांनी तर त्या किल्ल्याच्या दारात प्लास्टिकचा रणगाडाही उभा केलेला असे! इतिहासाचं सोडा, पण मला तेव्हा खटकायचं ते वेगळंच. शेजारचा मावळा त्या रणगाड्यापेक्षा उंच असायचा. मावळा मोठा की रणगाडा लहान, हा प्रश्न आठ वर्षांच्या डोक्यात शिरला आणि पुढं तोच माझा छंद झाला. गेली तीसेक वर्षं मी रणगाड्यांच्या प्रतिकृती करतो. आज बोलायचं आहे ते बाजारातून आणलेल्या किटमधला रणगाडा खऱ्या रणगाड्याच्या जवळ कसा न्यायचा, याबद्दल.

प्रतिकृतीचं सगळं गणित प्रमाणावर चालतं. रणगाड्यांच्या किटसाठी सर्वांत रूढ प्रमाण आहे एकास पस्तीस, म्हणजे खऱ्या वस्तूचे पस्तीस सेंटिमीटर हे आपले एक सेंटिमीटर. हा पस्तीसचा आकडा आला कुठून? बहात्तर समजता येतो, कारण एकास बहात्तर म्हणजे सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा. पस्तीसला असा कुठलाच हिशेब नाही. जपानच्या तामिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचा किट काढला, तेव्हा त्यात मोटर आणि बॅटरीचे दोन सेल मावले पाहिजेत एवढ्यावरून त्याचा आकार ठरवला. नंतर मोजून पाहिलं तर प्रमाण साधारण पस्तीस निघालं! सेलच्या मापावरून ठरलेला आकडा पुढं साऱ्या जगानं उचलला. हे सांगण्याचं कारण असं, की जुन्या किटमधले बरेच दोष त्या मोटरमुळे आलेले आहेत. तळाला बटणासाठी भोकं, आत मोटर बसावी म्हणून जरा फुगलेलं अंग, आणि चाकं गरगर फिरावीत म्हणून जाडजूड आस. मुलांची करमणूक होत होती, तोवर तक्रार कुणाचीच नव्हती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २००८ सालच्या दिवाळीत माझ्या टेबलावर वीतभर लांबीचा एक सेंच्युरियन रणगाडा तयार होऊन बसला होता. सेंच्युरियन हा ब्रिटिश बनावटीचा. दुसऱ्या महायुद्धात आखला गेला, पण त्याचे पहिले नमुने युरोपात पोचले ते मे १९४५मध्ये, म्हणजे लढाई आटोपल्यावर. पुढं तो कोरियात लढला आणि १९६५ व १९७१ साली आपल्याकडून लढला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे मुंबईत जन्मलेले. त्यांची पूना हॉर्स ही रेजिमेंट १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली. ते सेंच्युरियनवरच होते. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यात लढता लढता गेले, तोही सेंच्युरियनच. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तेव्हा हा रणगाडा करताना हात जरा जपूनच चालतो.

आमच्याच सोसायटीत एक निवृत्त सुभेदार राहायचे. आम्ही त्यांना सुभेदारकाका म्हणत असू. लष्कराच्या ई.एम.ई.मध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या दळात त्यांची नोकरी झालेली, आणि तरुणपणाची बरीच वर्षं सेंच्युरियनखाली उताणं पडून गेलेली. फराळाला आले तेव्हा मी मोठ्या हौसेनं प्रतिकृती त्यांच्या हातात दिली. त्यांनी नळीकडे पाहिलं नाही, चिन्हांकडे पाहिलं नाही. रणगाडा फिरवून मागची बाजू डोळ्यांशी नेली आणि म्हणाले, “अहो, ही झाकणं आमची नाहीत.”

मी खोक्यावरचं चित्र दाखवलं. ते म्हणाले, “चित्र असेल. मी ही झाकणं शेकडो वेळा उघडलीत. अशी नव्हती.”

काका बरोबर होते. खोक्यातला रणगाडा होता मार्क ३, कोरियाच्या लढाईतला. भारतानं पन्नाशीच्या दशकात घेतले ते प्रामुख्यानं मार्क ७. सेंच्युरियन पेट्रोल प्यायचा भयंकर. मार्क ३ची मजल एका भरणात जेमतेम शंभर किलोमीटर. म्हणून पुढं जास्त इंधन मावेल अशी अंगाची फेररचना केली गेली आणि इंजिनावरच्या झाकणांची आखणीही बदलली. मी मात्र मार्क ३ला भारतीय रंग दिला, भारतीय क्रमांक लावला आणि खूश झालो. नाव एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा, असा तो प्रकार झाला होता.

तर पहिला धडा हा, की किट हातात घेण्याआधी आपण नेमका कोणता रणगाडा करणार ते ठरवा. ‘सेंच्युरियन’ एवढं पुरत नाही. सगळे मिळून चार हजारांवर सेंच्युरियन बनले आणि दर मार्कागणिक काही ना काही बदललं. मुख्य तोफेच्या जोडीची मशिनगन मार्क ३वर बेसा जातीची, मार्क ५पासून ब्राउनिंग. वीस पौंडी तोफेच्या नळ्या दोन तऱ्हेच्या. एक सरळसोट, दुसरीच्या मध्यावर धूर ओढून घेणारा फुगवटा. कोणत्या वर्षीचा, कोणत्या सैन्याचा, कोणत्या रेजिमेंटचा हे ठरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

दुसरं काम मापांचं. सेंच्युरियनचं अंग, तोफ सोडून, सुमारे ७.६ मीटर लांब. भागिले पस्तीस, म्हणजे २१७ मिलिमीटर. रुंदी ३.३८ मीटर, म्हणजे साडेशहाण्णव मिलिमीटर. उंची ३ मीटरच्या किंचित वर, म्हणजे ८६. पट्टा २४ इंच रुंद, तो साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. एक व्हर्नियर कॅलिपर आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे तासाभरात होतं. माझ्या किटमध्ये लांबी-रुंदी ठीक होती. पण वरचा फिरता भाग, ज्याला टरेट म्हणतात, तो अंगापासून दीड मिलिमीटर वर तरंगत होता. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पस्तीसनं गुणा. सव्वापाच सेंटिमीटरची फट झाली! त्यातून माणसाचा हात आत जाईल. टरेटची खालची कड पॉलिशपेपरवर घासून ती बसवली, आणि एवढ्या एका गोष्टीनं रणगाड्याचं वजन वाढल्यासारखं दिसू लागलं. पन्नास टनांचं धूड जमिनीवर बसलेलं दिसलं पाहिजे, ते बसलं.

म्हणून माझं सांगणं असं, की आधी मोठे आकार सुधारा. उतारांचे कोन, चाकांच्या केंद्रांमधली अंतरं, टरेटची उंची. नवशिके याच्या उलट करतात. बाजारात मिळणारी पितळेची नाजूक जाळी आणि हुक महिनाभर चिकटवत बसतात, आणि चुकीच्या अंगावर ते दागिने तसेच लटकत राहतात.

जाडीची गंमत तर विचारूच नका. प्लास्टिक साच्यात ओतायचं तर एक मिलिमीटरच्या खाली जाणं अवघड. पण प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा पत्रा. सेंच्युरियनच्या पट्ट्यांवर बाजूनं जी पत्र्यांची झालर असते, तो पत्रा खरा पाच-सहा मिलिमीटरचा. म्हणजे किटमधली झालर सहापट जाड! उपाय सोपा आहे. झालर आतल्या बाजूनं, नुसत्या कडेपाशी, कानशीनं तिरकी घासायची. बघणाऱ्याला कडच दिसते. कड बारीक दिसली की पत्रा बारीक दिसतो. ज्यांना दम आहे त्यांनी पातळ पत्र्याची नवी झालर कापावी. त्याचा फायदा असा, की एखादा तुकडा वाकवता येतो. खऱ्या रणगाड्याची झालर झाडाझुडपांत, बांधाला घासून वाकायचीच. आणि झालर लावणार असाल तर वरच्या बाजूनं पट्ट्याला झोळ किती द्यायचा यावर रात्र जागवू नका. तो दिसतच नाही.

टरेटचं अंग ओतीव पोलादाचं, त्यावरचं छत वेल्डिंगनं जोडलेलं. किटमध्ये सगळंच साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. ओतीव भाग खडबडीत करायला पुट्टी पातळ करून जुन्या टूथब्रशनं टोचत लावायची आणि वाळल्यावर हलक्या हातानं घासायची. टूथब्रश फिरवायचा नाही, टोचायचा. नाहीतर भिंतीला चुना दिल्यासारखे फराटे उठतात. वेल्डिंगच्या रेघेसाठी किटच्या चौकटीची उरलेली काडी मेणबत्तीवर धरून ताणायची. केसासारखा दोरा निघतो. तो सांध्यावर ठेवून प्लास्टिकच्या पातळ सिमेंटनं मऊ करायचा आणि सुरीच्या पाठीनं जवळजवळ खुणा दाबत जायचं. माझ्या पहिल्या पाच-सहा रेघा गांडुळासारख्या आल्या होत्या. सातवी वेल्डिंगसारखी आली. तोफेची नळी साच्याच्या दोन अर्ध्यांत येते, तिचा सांधा पूर्ण पुसला पाहिजे, पण घासताना नळी चपटी होता कामा नये. तोंडाशी अडीच मिलिमीटरहून किंचित कमी भोक हवं, कारण वीस पौंडी तोफेचा व्यास ८४ मिलिमीटर.

आता झाकणांचं काय केलं ते सांगतो, कारण खरा घाम तिथं गाळला. किटमधल्या सगळ्या रेघा भरून, घासून मागचा भाग कोरा पाटीसारखा केला. नव्या रेघा मारायच्या तर खरं माप हवं. आपल्या महाराष्ट्राचं भाग्य असं, की चिलखती दळाचं केंद्र आपल्याकडे, अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे. तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ साली सुरू झालं. ‘फामागुस्ता’ही त्या केंद्रातच जतन केलेला आहे. संग्रहालयात सेंच्युरियन उभा असतो, त्याच्याभोवती मी दोन दिवस घालवले.

फोटोवरून माप काढायची एक युक्ती सांगतो. जवळून काढलेला फोटो फसवतो. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते. त्यामुळे जमेल तितकं दूर जायचं आणि झूम करून फोटो घ्यायचा. मग ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे ती वस्तू, समजा पट्टा, त्या फोटोत मोजायची. पट्टा ६१ सेंटिमीटर. त्याच पातळीतल्या बाकीच्या गोष्टी त्रैराशिकानं निघतात. शाळेत ज्या त्रैराशिकाचा आपण तिरस्कार केला, ते असं उपयोगी पडतं! पण एक सावधगिरी. संग्रहालयातला रणगाडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. त्याची आयुष्यभर दुरुस्ती झालेली असते, एका रणगाड्याचं चाक दुसऱ्याला लागलेलं असतं, आणि रंग तर दर दोन-चार वर्षांनी नवा. मापासाठी संग्रहालय पाहावं. रंगरूपासाठी मात्र त्या काळातले फोटो शोधावेत.

धुळीबद्दलही एक बोलतो. आमच्याकडचे बरेच जण रणगाड्यावर तांबूस धूळ मारतात, कारण आपल्या डोळ्यांसमोर मुरूम असतो. सियालकोट आणि शकरगढचा मुलूख हा रावी आणि चिनाब यांच्यामधला गाळाचा. तिथली धूळ भुरकट, राखेकडे झुकणारी. लाल मुरमातला सेंच्युरियन नगरचा वाटेल, बसंतरचा नाही.

दोन महिन्यांनी नवी झाकणं घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नखानं एकेक रेघ चाचपली. दोन ठिकाणी बिजागऱ्यांची जागा चुकली होती ती पेन्सिलीनं खूण करून दिली. मग विचारलं, “उघडतं का?”

मी म्हटलं, “काका, चिकटवलंय. आत काहीच नाही.”

“मग उघडं ठेवा की. झाकण काय बघायला असतं?”

टेबलावर कुठल्याशा लग्नाची पत्रिका पडली होती. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी चित्र काढायला घेतलं. मीटिओर इंजिन. विमानाच्या मर्लिन इंजिनावरून केलेलं, सत्तावीस लिटरचं, सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा एकमेकींना साठ अंशांत. कुठली नळी कशाच्या वरून जाते, पाना कुठून घालावा लागतो, कुठला बोल्ट काढताना हात हमखास सोलवटतो, सगळं बाणांनी दाखवलं. चाळीस वर्षांत ते इंजिन त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

काका पुढं चार वर्षांनी गेले. ती पत्रिका माझ्या टेबलाच्या खणात आहे. झाकण मी कापून सुटं केलं. बाराही सिलिंडर झाले आहेत, दोन मॅग्नेटो आणि त्यांच्या तारा राहिल्या आहेत.